पडद्यावरची स्वस्ताई आणि पिंगळीची तूर

परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी हे कापूस, सोयाबीन आणि तुरीचे गाव. तूर येथे पोत्यांनी पिकते. आणि त्याच गावात हल्ली तुरीची डाळ चकचकीत पुड्यांतून, मोबाइलवर मागणी नोंदवून, घरपोच येऊ लागली आहे. पुण्याला नोकरीस असलेला मुलगा तेथून बोट दाबतो आणि चार दिवसांनी आईवडिलांच्या ओसरीवर चहाची भुकटी, साबण, तेल आणि डाळ येऊन पडते. पाहता पाहता शेजारच्या घरीही खोके उतरू लागते. 'हा ऑनलाइन किराणा खरोखर स्वस्त पडतो काय, आणि पडत असेल तर तो कसा घ्यावा?' असा प्रश्न कार्यकर्ते अलीकडे वारंवार विचारतात. हा चंगळवादाचा प्रश्न आहे, चळवळीला त्याच्याशी कर्तव्य नाही, असे म्हणून तो झटकून टाकणारे काही विद्वान आपल्यातही आहेत. त्यांच्याशी आमचे जमत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यापाठोपाठ आलेल्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी निघाली, तेव्हा त्या मोर्चाचा विषय तेल, साखर आणि धान्य हाच होता. स्वयंपाकघरातला हिशेब हा राजकारणाचा विषय आहे, हे त्या बायकांनी भल्याभल्या पंडितांना शिकवले. ज्या घरात महिन्याच्या मिळकतीतील निम्म्याहून अधिक रक्कम पोटावर खर्च होते, त्या घरात किराण्यावर वाचलेले दोनशे रुपये म्हणजे मुलीच्या शाळेच्या प्रवासाचे भाडे असते. तेव्हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे.

पहिली गोष्ट 'सूट' या शब्दाची. मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे असतात. एक खोडलेला, दुसरा ठळक. खोडलेला आकडा हा कमाल किरकोळ किमतीचा, ज्याला सर्वजण एमआरपी म्हणतात. ही किंमत पाकिटावर छापण्याची सक्ती १९९० साली झाली आणि तिचा हेतू चांगला होता. दुकानदाराने त्याहून अधिक घेऊ नये. परंतु ही किंमत ठरवतो कोण? सरकार ठरवीत नाही. ती ठरवतो उत्पादक किंवा पॅकबंद करणारा. डाळ, रवा, पोहे, शेंगदाणे अशा मालात तर आता मोठ्या विक्रेत्या कंपन्या स्वतःच्याच छापाची पाकिटे विकतात. म्हणजे किंमत छापणारा तोच, ती खोडणारा तोच, आणि खोडल्याबद्दल आपल्याकडून शाबासकी घेणाराही तोच! दोनशेचा आकडा छापून चाळीस टक्के सूट दिली काय आणि एकशेवीसच छापले काय, आपल्या खिशातून जाणारे पैसे तेवढेच. यास्तव सुटीचे टक्के वाचण्याची सवय मुळातच सोडून द्यावी. वाचायचा तो दर. किलोला किती आणि लिटरला किती.

हा दर वाचणेही वाटते तितके सोपे राहिलेले नाही. पूर्वी अनेक जीवनावश्यक वस्तू ठरावीक वजनांतच पॅकबंद करण्याचे बंधन होते. पाव, अर्धा, एक, दोन, पाच किलो अशा ओळखीच्या मापांत माल येई आणि अल्पशिक्षित माणसालाही तुलना करता येई. वैधमापन नियमांच्या २०२१ सालच्या दुरुस्तीने ते बंधन काढून टाकले आणि त्याच्या बदल्यात पाकिटावर 'एकक विक्री किंमत' छापण्याचे ठरवले. बदल अंमलात यायला पुढे काही मुदतवाढी लागल्या, पण आता तो अंगवळणी पडला आहे. परिणाम असा की बाजारात आठशे ग्रॅम, साडेआठशे मिलिलिटर, चारशे ग्रॅम अशी नाना मापे फिरतात. शिवाय नियमाची मेख अशी की किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर दर ग्रॅमचा छापायचा आणि किलोपेक्षा जास्त असल्यास किलोचा. समजा, चारशे ग्रॅमचा पुडा साठ रुपयांना आहे. त्यावर ग्रॅमला ०.१५ रुपये असे लिहिलेले असेल. शेजारी दीड किलोचा पुडा दोनशे चाळीस रुपयांना आहे. त्यावर किलोला १६० रुपये लिहिलेले असेल. पहिल्याचा दर हजाराने गुणला तर तो किलोला दीडशे भरतो. मोठा पुडा महाग निघाला! 'मोठे घ्याल तर स्वस्त पडेल' हा आपल्या आजीच्या काळचा नियम येथे डोळे मिटून लावता येत नाही. पिंगळीतील कोणतीही सातवी-आठवीची मुलगी हा गुणाकार तोंडी करील. तिला जवळ बसवून मागणी नोंदवावी, हा आमचा पहिला व्यावहारिक सल्ला आहे.

तेलाच्या बाबतीत तर हा गोंधळ जुना आणि अधिक महागात पडणारा आहे. करडईचा हा प्रदेश. 'परभणी कुसुम' हे करडईचे वाण येथल्याच कृषी विद्यापीठाचे. परंतु करडई मागे पडली आणि घराघरांत सोयाबीनचे शुद्धीकृत तेल आले. गावात तेल किलोवर बोलले जाते, पडद्यावर ते लिटरवर विकले जाते. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तेलाचे वजन साधारण नऊशे दहा ग्रॅम भरते. समजा, एक लिटरची पिशवी १४५ रुपयांना मिळते आणि गावातला दुकानदार किलोला १५२ सांगतो. पिशवीचा दर किलोवर आणला तर तो १५९ होतो. म्हणजे जो महाग वाटला तोच स्वस्त निघाला. डब्याचेही तसेच. पंधरा किलोचा डबा आणि पंधरा लिटरचा डबा दिसायला सारखेच असले, तरी दुसऱ्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडे वर असते. सव्वा किलोहून अधिक तेलाचा फरक. लग्नसराईत डब्यांनी तेल घेणाऱ्यांनी हे छापील वजन वाचल्याखेरीज डबा उचलू नये, मग तो पडद्यावरून येवो वा मोंढ्यातून.

यानंतर येतो पोचवणावळीचा हिशेब. समजा, आपण ३२० रुपयांचे सामान मागवले. शेवटच्या पायरीवर त्यात पोचवण्याचे तीस आणि हाताळणीचे दहा रुपये मिळवले गेले. हे चाळीस रुपये म्हणजे मालाच्या किमतीच्या साडेबारा टक्के झाले. दहा टक्क्यांची सूट त्यात वाहून जाऊन वर अडीच टक्के गाठीचे गेले. हे टाळण्यासाठी 'आणखी १८० रुपयांची खरेदी करा, पोचवणी मोफत' असे आमिष असते आणि तीस रुपये वाचवण्यासाठी माणूस १८० रुपयांची बिस्किटे घेतो. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो की ग्राहकास बाजाराची संपूर्ण माहिती असते, असे गृहीत धरा. विद्यार्थी ते निमूटपणे वहीत उतरवून घेत. आज त्या गृहीतकाची जी दशा ह्या पडद्यांनी केली आहे ती पाहता पाठ्यपुस्तके नव्याने लिहावी लागतील! ग्राहकाला माहिती कमी पडावी, त्याने घाईत निर्णय घ्यावा, नको ती वस्तू टोपलीत राहून जावी, यासाठी बुद्धिमान माणसे पगार घेऊन काम करीत आहेत. हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई केली. 'दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू वा देणगी टोपलीत सरकवणे, किंमत आधी एक दाखवून शेवटी आकार वाढवणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, या सर्वांची नावे त्यात आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. कार्यकर्त्यांनी तो पाठ करावा आणि लोकांना वापरायला लावावा; कायदा कागदावर आहे एवढ्याने कोणाचे चाळीस रुपये परत येत नाहीत.

आणखी एक उणीव आहे, जी दुकानात नसते. दुकानात पाकीट हातात घेऊन, उलटून पाहता येते. २०१७ साली ऑनलाइन विक्रेत्यांनी पाकिटावरील तपशील पडद्यावर दाखवावा असा नियम झाला, पण उत्पादनाचा महिना व वर्ष नेमके त्यातून वगळले गेले. त्यामुळे सवलतीत आलेला रवा किती महिन्यांचा आहे हे खोके फोडल्यावरच कळते. २०२४ च्या अखेरीस अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले की माल हाती पडताना त्याच्या टिकाऊपणाचा किमान तीस टक्के काळ, अथवा मुदत संपण्यापूर्वीचे पंचेचाळीस दिवस, शिल्लक असले पाहिजेत. खोके आले की पहिल्यांदा तारखा पाहाव्यात आणि मुदत सरत आलेला माल त्याच दिवशी परत करावा. आठ दिवसांनी केलेली कुरकुर कोणी ऐकत नाही.

आता पिंगळीच्या माणसाने काय मागवावे आणि काय मागवू नये? ज्वारी, गहू, डाळी, गूळ, हळद, मिरची यांपैकी काहीही आपल्या पंचक्रोशीत पिकत किंवा मिळत असता पडद्यावरून मागवणे हा शुद्ध तोटा आहे. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद आणि छाप असलेल्या डाळी, धान्य व पीठ यांवर पाच टक्के कर बसला. सुट्या मालावर तो नाही. म्हणजे पुडा फोडण्याआधीच किलोमागे सहा-सात रुपये गेले. धान्याच्या बाबतीत सर्वांत मोठी सूट पंचांग देते. रब्बी ज्वारी निघाल्यावर चैत्र-वैशाखात आणि तूर निघाल्यावर माघ-फाल्गुनात वर्षाचे धान्य भरून, उन्हे देऊन, लिंबाचा पाला घालून ठेवण्याची रीत आपल्याकडे होती. ती मोडली याचे कारण लोक आळशी झाले हे नव्हे. एका दमात वर्षाचे धान्य घेण्याइतका पैसा हातात राहत नाही, हे आहे. याउलट चहा, साबण, कपडे धुण्याची पावडर, दंतमंजन, मुलांच्या वह्या, सॅनिटरी नॅपकिन यांसारख्या कारखानी, टिकाऊ आणि सर्वत्र सारख्याच असणाऱ्या वस्तूंत ऑनलाइन दर पुष्कळदा खरोखर कमी असतो. तेथे तो अवश्य घ्यावा. त्यात वैचारिक पाप काही नाही.

धान्य विकत घेण्याची पाळी शेतकऱ्यावर का यावी, असे शहरातला वाचक विचारील. त्याचे उत्तर सरकारी कागदात आहे. मराठवाडा आणि विदर्भातील ज्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या अधिक झाल्या, त्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळू लागले होते. गहू दोन रुपये किलो आणि तांदूळ तीन रुपये किलो. परभणी त्यांपैकी एक. हे धान्य २०२२ मध्ये बंद पडले आणि २०२३ च्या आरंभी त्याऐवजी माणशी दीडशे रुपये बँकेच्या खात्यात टाकण्याचा निर्णय झाला. पुढे त्याचे एकशे सत्तर झाले. एकशे सत्तरला पाचाने भागले की किलोला चौतीस रुपये होतात. या चौतीस रुपयांत किलोभर गहू घेऊन वर दळणाचे पैसे किती उरतात, हे पिंगळीच्या बाईला मंत्रालयापेक्षा चांगले ठाऊक आहे. पोत्याच्या जागी रोकड आली की त्या माणसाला ग्राहक म्हणून बाजारात उभे केले जाते. मग तो पडद्यावर बोट फिरवत स्वस्त गहू शोधू लागला, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

मात्र दराच्या ह्या सर्व हिशेबात एक आकडा पडद्यावर कधीच दिसत नाही, तो उधारीचा. गावचा वाणी सोयाबीन येईपर्यंत थांबतो. रात्री-अपरात्री पाव्हणा आला तर अर्धा किलो साखर देतो आणि वहीत लिहून ठेवतो. ही सेवा फुकट नाही. समजा, रोखीने १४० ची डाळ उधारीवर १५० ला पडते आणि पैसे चार महिन्यांनी फिटतात; तर हे चार महिन्यांचे सात टक्के, म्हणजे सालिना एकवीस टक्क्यांहून अधिक व्याज झाले. महिला बचत गटांना बँकेमार्फत तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्क्यांनी देण्याची तरतूद आहे. मग एकवीस टक्के का मोजावेत? पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वाणी कागद मागत नाही, हमीदार मागत नाही, आणि पीक बुडाले तर पुढच्या हंगामापर्यंत वही मिटून ठेवतो. रोख असेल तेव्हा सगळा माल पडद्यावरून आणायचा आणि दुष्काळात त्याच वाण्याच्या दारी उभे राहायचे, हा व्यवहार फार वर्षे चालणार नाही. तो दुकान बंद करील, आणि मग पडद्यामागची कंपनी उधारीची वही उघडणार नाही.

शिवाय पडद्यावरचा आजचा भाव हा उद्याचा भाव नव्हे. या धंद्यात दीर्घकाळ तोटा सोसून गिऱ्हाईक जोडण्याची रीत आहे; तोटा भरून काढणारे भांडवल मागे उभे असते. बिगबास्केट २०२१ मध्ये टाटा समूहाकडे गेली, ब्लिंकिट २०२२ मध्ये झोमॅटोने घेतली. छोट्या कंपन्या मोठ्यांच्या पोटात जाण्याचा हा क्रम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवा नाही. तोट्याने माल विकून किरकोळ दुकानदार आणि वितरक यांना बाजारातून उठवले जात आहे, अशी तक्रार वितरकांच्या देशव्यापी संघटनेने २०२४ साली स्पर्धा आयोगाकडे केली. आमचे मत असे की भांडवलदार आपल्या खिशातून सूट देत असेल तोवर ती घ्यावी, पण तिच्या भरवशावर घर चालवू नये. खोके घेऊन येणाऱ्या मोटारसायकलवरच्या पोराला मागणीमागे किती मिळतात आणि पेट्रोल कोणाचे, हेही एकदा त्याला पाणी देऊन विचारावे. स्वस्ताईतला काही भाग त्याच्या खिशातून आलेला असतो.

स्वस्ताई खरोखर येते कोठून, याचे उत्तर डी-मार्टच्या उदाहरणात सापडते, आणि समाजवाद्याने ते नाक न मुरडता वाचावे. २००२ साली पवईत पहिले दुकान काढलेल्या या कंपनीने शक्यतो जागा स्वतःच्या मालकीच्या ठेवल्या, निवडक प्रकारचाच माल ठेवला आणि पुरवठादारांचे पैसे इतरांपेक्षा लवकर चुकते केले. रोख आणि घाऊक घेणाऱ्याला बाजार भाव कमी करून देतो, एवढे साधे ते तत्त्व. ते भांडवलदाराच्या मालकीचे नाही. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या अठ्ठावीस कामकऱ्यांनी, ज्यांत विणकर बरेच होते, पै-पैसा साठवून पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढ्याच मालाचे दुकान काढले. चोख वजन, भेसळ नाही, आणि व्यवहार रोखीचा. उधारीने आधीची अनेक सहकारी दुकाने बुडालेली त्यांनी पाहिली होती. नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेला आणि पुढे 'अपना बाजार' म्हणून घरोघरी ठाऊक झालेला सहकार याच वाटेने गेला.

परंतु पिंगळीसाठी आम्हाला त्याहूनही जवळचे वाटते ते ग्राहक पंचायतीचे उदाहरण. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या वितरणव्यवस्थेत दुकान नाही, काउंटर नाही. शेजारपाजारची कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, सगळ्या संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक भावाने घेतला जातो, ठरल्या दिवशी तो संघातील एखाद्या घरी उतरतो आणि सभासद तो आपापसांत वाटून घेतात. यात गृहिणींनी केलेले काम फार मोठे आहे. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की मागणी आधी नोंदवणे, दुकान टाळणे आणि माल दारात येणे या तिन्ही गोष्टी, ज्यांना आज क्रांती म्हणून मिरवले जाते, त्या मुंबईच्या मध्यमवर्गीय बायकांनी कागद-पेन्सिलीने पन्नास वर्षांपूर्वी साधल्या होत्या. फरक एकच. तेथे बारा घरांची मागणी एक होत असे. आज प्रत्येक घर आपापल्या मोबाइलसमोर एकेकटे बसलेले आहे, आणि एकेकट्याकडून पोचवणावळही घेता येते आणि घाईही करवता येते.

हे एकेकटेपण मोडणे अवघड नाही. गावात बचत गट आहेत. त्यांच्या मासिक बैठका होतात, वही ठेवली जाते, पैशाच्या व्यवहारात एकमेकींवर विश्वास आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ चेच, आणि 'उमेद' अभियान २०११ पासूनचे. त्यांनी कर्ज आणि बचत शिकवली, खरेदी मात्र शिकवली नाही. गटाच्या बैठकीत बारा घरांनी साबण, चहा, धुण्याची पावडर, तेल यांची महिन्याची गरज लिहावी. एकीने पडद्यावरचे दर किलो-लिटरवर आणून लिहावेत, दुसरीने परभणीच्या घाऊक दुकानात विचारून लिहावेत, आणि तिसरीने गावच्या वाण्याला विचारावे की बारा घरांचे एकत्र आणि रोख घेतले तर तो काय भाव देतो. तिन्ही आकडे समोर आल्यावर जो कमी त्याच्याकडून घ्यावे. वाणी पुष्कळदा अनपेक्षित भाव देईल, कारण रोखीचे गिऱ्हाईक त्यालाही हवेच आहे. आणि तसे झाले तर दुकानही टिकते. ऑनलाइनच घेणे फायद्याचे ठरले तर बारा मागण्यांच्या जागी एक मागणी जाते, पोचवणावळ एकदाच लागते किंवा लागतच नाही. अडचणी येतील. कोणाला अमुकच छापाचा चहा लागतो, कोणाकडे त्या आठवड्यात पैसे नसतात. छापाचा हट्ट आम्ही सोडायला सांगू. पैसे नसणारीला गटाने अंतर्गत कर्जातून उचल द्यावी. उधारीवर डाळीला मोजावे लागणारे एकवीस टक्के अशाच ठिकाणी वाचतात.

राहता राहिली ती तूर, जिच्यापासून हा लेख सुरू झाला. पिंगळीची तूर परभणीच्या मोंढ्यात जाते, तेथून लातूरकडील डाळमिलांत, तेथून पॅकबंद होऊन शहरांच्या गोदामांत, आणि एखादा पुडा परत पिंगळीत. २०२१ च्या मे महिन्यात सरकारने तुरीची आयात खुली केली, तेव्हापासून म्यानमार आणि आफ्रिकेतल्या तुरीचाही भाव येथल्या शेतकऱ्याच्या भावावर बसतो. २०२५ च्या हंगामात मोंढ्यातला दर ७,५५० च्या हमीभावाखाली होता. पुढील म्हणजे २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाला. एका क्विंटल तुरीपासून सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते. शेतकऱ्याला पुरता हमीभाव दिला असे धरले, तरी डाळीत जाणारी तूर किलोमागे १०७ ते ११४ रुपयांना पडते. वर भरडाईचा खर्च, आणि त्यातून चुनी-भुशाचे पैसे वजा. पडद्यावर डाळीचा भाव दिसला की ही दोन आकड्यांची पट्टी त्याच्याशेजारी ठेवून पाहावी. फरक मोठा दिसला, तर तो मधल्या वाटेत कोठेतरी राहिला आहे. आणि भाव या पट्टीच्याही खाली दिसला, तर शेतकऱ्याला हमीभाव मिळालेला नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान गटांना झेपेल अशी छोटी डाळमिल विकसित केली आहे. विदर्भात 'पीकेव्ही मिनी दाल मिल' या नावाने ती ठाऊक आहे. बारा-बारा घरांचे चार गट एकत्र आले तर वर्षाच्या डाळीची गरज काही क्विंटलांत जाते. गावच्याच शेतकऱ्याकडून हमीभावाने तूर घ्यायची, जवळ मिल असेल तेथे भरडून आणायची, नसेल तर शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत ती आणण्याचा प्रस्ताव करायचा, आणि डाळ सभासदांना लागतमूल्याने वाटायची. विकणाऱ्याला मोंढ्यापेक्षा अधिक, घेणारीला पडद्यापेक्षा कमी, आणि छापील पुडा नसल्याने कर नाही. पहिल्या वर्षी दोनच क्विंटलांवर प्रयोग करावा, म्हणजे तेल-पाणी लावणे, वाळवण आणि तूट यांचा अंदाज येईल. मागणीची वही मार्गशीर्षातच फिरली पाहिजे, कारण तूर मोंढ्याकडे निघाली की ती कोणासाठी थांबत नाही. चुनी कोणाच्या म्हशीला जायची, हा वाद मात्र गटांनी भरडाईला जाण्यापूर्वीच मिटवून ठेवावा.